सीएफडीसाठी प्रोसेसर घेताना कोअरआधी मेमरीचे चॅनल मोजावेत

प्रवाहाच्या सिम्युलेशनसाठी, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला सीएफडी म्हणतात त्या कामासाठी, डेस्कटॉप घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे आकडेमोड करणाऱ्या भागांच्या, संख्येचा असतो. आठ घ्यावेत, सोळा घ्यावेत की चोवीस? प्रोसेसरच्या खोक्यावर हाच आकडा ठळक छापलेला असतो आणि जाहिरातीही त्याच आकड्याभोवती फिरतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या विशिष्ट कामापुरता तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. रॅममधून प्रोसेसरपर्यंत एका सेकंदात किती माहिती पोहोचू शकते, हा पहिला. तसे का, हे नीट समजले की पुढची बहुतेक निवड आपोआप सुकर होते. म्हणून या लेखात सुरुवातीचा बराच भाग त्या कारणावरच खर्च केला आहे.

सीएफडीचा सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाची समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, नेमके काय करतो ते आधी पाहू. पंखाभोवतीची हवा असो किंवा नळातले पाणी, त्या अवकाशाचे लाखो लहान लहान घरांत विभाजन केले जाते. या घरांना सेल म्हणतात आणि त्या सगळ्यांच्या जाळीला मेश. प्रत्येक सेलमध्ये दाब, वेगाचे तीन घटक आणि प्रक्षुब्धतेच्या मॉडेलची एकदोन चलराशी साठवलेली असतात. एका सेलमधील मूल्य त्याला चिकटलेल्या शेजाऱ्यांच्या मूल्यांवर अवलंबून असते. षट्फलकाकृती सेलला सहा शेजारी असतात, म्हणजे त्याच्या समीकरणात तो स्वतः आणि ते सहा मिळून सात गुणक येतात. लाखो सेलची अशी लाखो समीकरणे एकत्र मांडली की एक अवाढव्य मॅट्रिक्स तयार होते, ज्याच्या प्रत्येक ओळीत सातच्या आसपास संख्या असतात आणि बाकी सर्व शून्ये असतात. सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये मांडलेली ‘सिम्पल’ ही पद्धत किंवा तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही असंख्य सॉल्व्हरांच्या पोटात आहेत, आणि त्यांतील सर्वांत वेळखाऊ टप्पा म्हणजे दाबाचे समीकरण सोडवणे. असंपीड्य, म्हणजे दाबाने घनता न बदलणाऱ्या, प्रवाहात एका टोकाला दाब बदलला की त्याचा परिणाम गणिताच्या दृष्टीने त्याच क्षणी सगळीकडे पोहोचतो, त्यामुळे उत्तर एका फटक्यात मिळत नाही. तेच मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा वाचून, त्याचा एका सदिशाशी गुणाकार करून, उत्तर थोडेथोडे सुधारत न्यावे लागते.

आता या गुणाकाराचा हिशेब कागदावर मांडू. सात गुणक, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ५६ बाइट. तो गुणक कोणत्या शेजाऱ्याचा हे सांगणारे सात क्रमांक, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २८. सदिशातील जुने मूल्य वाचण्यासाठी आणि नवे लिहिण्यासाठी आणखी १६. एकूण १०० बाइट. या १०० बाइटांवर प्रोसेसर करतो काय, तर सात गुणाकार आणि सात बेरजा, म्हणजे अवघ्या १४ क्रिया. मेश ३० लाख सेलची असेल, तर अशा एका फेरीत ३० कोटी बाइट, म्हणजे ३०० एमबी, रॅममधून आणावे लागतात आणि त्यांच्यावर ४ कोटी २० लाख क्रिया होतात.

ज्यात दर चक्राला १६ दुहेरी अचूकतेच्या, म्हणजे ८ बाइटांच्या संख्यांवरील, क्रिया करण्याची क्षमता आहे असा आधुनिक कोअर ५ गिगाहर्ट्झवर चालला, तर कागदोपत्री तो सेकंदाला ८,००० कोटी क्रिया करू शकतो. एवढ्या हिशेबाने एकट्या कोअरला वरची फेरी आटोपायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागेल. सोळा कोअरना मिळून तर एका मिलिसेकंदाचा तिसावा हिस्साच पुरेल. परंतु सर्वसाधारण डेस्कटॉपच्या रॅममधून प्रत्यक्षात सेकंदाला ७५ जीबी मिळतात असे धरले, तर ते ३०० एमबी येऊन पोहोचायलाच ४ मिलिसेकंद लागतात. सोळा कोअरचे काम शंभरपट आधी संपलेले असते आणि ते माहितीची वाट पाहत उभे असतात. कोणताही कोअर प्रत्यक्षात कागदी वेगाच्या जवळपासही जात नाही, हे खरे. विस्कळीत पत्त्यांवरून संख्या गोळा करण्यातच त्याची बरीच शक्ती जाते. पण तेवढी सूट देऊनही फरक इतका मोठा आहे की निष्कर्ष बदलत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे आड काठोकाठ भरलेला आहे, पाणी पिणारेही सोळा जण आहेत, आणि पोहरा मात्र एकच, तोही लहान.

ही अडचण नवी नाही. प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढत असल्यामुळे एक दिवस संगणकाची गती मेमरीच ठरवू लागेल, हे विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्येच एका छोट्या निबंधात मांडले होते आणि त्या अडथळ्याला त्यांनी ‘मेमरीची भिंत’ असे नाव दिले होते. मेमरीचा टिकाऊ वेग मोजणारी जॉन मॅकॅल्पिन यांची ‘स्ट्रीम’ ही चाचणीही त्याच दशकापासून वापरात आहे. माझ्या मते सीएफडीसाठी प्रोसेसर पाहणाऱ्याने खेळांच्या किंवा व्हिडिओ रूपांतराच्या चाचण्यांचे आलेख बाजूला ठेवावेत आणि स्ट्रीमचे आकडे शोधावेत, कारण वर पाहिलेल्या गुणाकाराशी त्यांचे नाते सर्वांत जवळचे आहे.

चॅनलचा हिशेब

बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहिती पोहोचू शकते तो आकडा, काढण्याचे सूत्र एका ओळीचे आहे. मेमरीचा एक चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांना जोडणारा एक स्वतंत्र मार्ग, ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असतो, आणि रॅमच्या नावातील आकडा सेकंदाला किती वेळा माहिती हलते ते दहा लाखांत सांगतो. डीडीआर४-३२०० चा एक चॅनल म्हणून सेकंदाला २५.६ जीबी देतो आणि डीडीआर५-६००० चा ४८ जीबी. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना, मग ते इंटेलचे ‘कोअर’ नावाच्या मालिकेतील असोत वा एएमडीचे रायझन, दोनच चॅनल असतात. डीडीआर५-५६०० लावली तर कमाल ८९.६ जीबी, डीडीआर५-६००० लावली तर ९६ जीबी. सहा कोअरचा प्रोसेसर घ्या किंवा चोवीस कोअरचा, त्याच रॅमवर ही मर्यादा तीच राहते.

यापेक्षा वर जायचे तर चॅनल वाढवावे लागतात. एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० या मालिकेत चार चॅनल आहेत आणि डीडीआर५-५२०० वर ते १६६.४ जीबी देतात; त्याच मालिकेच्या ‘प्रो’ आवृत्तीत आठ चॅनल आणि ३३२.८ जीबी. इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-३४०० मध्येही आठ चॅनल आहेत, डीडीआर५-४८०० सह ३०७.२ जीबी. एएमडीच्याच, सर्व्हरसाठी बनवलेल्या एपिक ९००४ मालिकेत बारा चॅनल असून त्यांची बेरीज ४६०.८ जीबी होते. या आकड्यांकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते, जी दुकानातल्या तक्त्यावरून कधीच कळत नाही: जुन्या पिढीचा एपिक ७००३, ज्यात आठ चॅनल डीडीआर४-३२०० आहेत, तो २०४.८ जीबी देतो, म्हणजे नव्याकोऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या दुप्पट. त्याच्या एकेका कोअरचा वेग कमी आहे, तो डेस्कटॉपच्या तुलनेत जुनाट वाटतो, आणि तरीही मोठ्या मेशवर तो पुढे राहतो. सर्व्हरमधून निवृत्त झालेली अशी यंत्रे सीएफडी करणारे लोक आवडीने का घेतात, त्याचे उत्तर या एका आकड्यात आहे. अर्थात त्यांचा आवाज, आकार आणि सुरू व्हायला लागणारा वेळ सहन करण्याची तयारी हवी.

रॅमच्या बाबतीत एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. मदरबोर्डवर चार स्लॉट दिसतात म्हणून चार स्टिक लावल्या की चार चॅनल होतात, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. दोन चॅनलच्या प्रोसेसरवर प्रत्येक चॅनलला दोन स्लॉट जोडलेले असतात, त्यामुळे चार स्टिक लावल्याने क्षमता वाढते, रुंदी नाही. उलट डीडीआर५ मध्ये एका चॅनलवर दोन स्टिक आल्या की विद्युत संकेत स्वच्छ राखणे अवघड जाते आणि वेग खाली आणावा लागतो. रायझन ७००० साठी दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, तर चार स्टिकवर तो ३६०० वर येतो, म्हणजे ८३.२ जीबीवरून ५७.६ जीबी. मी स्वतः ही चूक केली आहे. मेश रॅममध्ये मावत नव्हती म्हणून आणखी दोन स्टिक आणून लावल्या, मेश मावली, आणि आधी जी लहान मेश रात्रभरात सुटायची ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळू लागली. कारण सापडायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. या गोंधळात भर अशी की डीडीआर५ ची प्रत्येक स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन उपचॅनलांत विभागलेली असते, त्यामुळे काही सॉफ्टवेअर दोन स्टिकवरही ‘चार चॅनल’ असे दाखवतात. त्या चारांची एकूण रुंदी १२८ बिटच असते.

तेव्हा दोन चॅनलच्या डेस्कटॉपवर नियम सोपा आहे: लागणारी सगळी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्यावी. ४८ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या की ९६ जीबी होते, आणि या वर्गातल्या यंत्रावर जी मेश सहनशीलतेच्या मर्यादेत सुटू शकते तिला ती सहसा पुरते. जास्त चॅनलच्या यंत्रात मात्र उलट आहे. तिथे प्रत्येक चॅनलला एक स्टिक लागलीच पाहिजे. आठ चॅनलच्या मदरबोर्डवर चारच स्टिक लावून उरलेल्या पुढच्या वर्षी घेऊ, असे म्हणणारा माणूस अर्ध्या यंत्राचे काम पूर्ण यंत्राच्या खर्चात करतो.

मग कोअर किती?

अनुभवाने रुळलेला एक ठोकताळा आहे की मेमरीच्या एका चॅनलमागे दोन ते चार कोअर कामाला लावता येतात. त्याहून अधिक कोअर लावले तर ते एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात. दोन चॅनलच्या डेस्कटॉपवर याचा अर्थ असा की एका कोअरवरून दोनवर, दोनवरून चारवर जाताना वेळ जवळजवळ निम्मा होत जातो, सहा ते आठ कोअरपर्यंत सुधारणा दिसत राहते, आणि त्यानंतर आलेख आडवा होतो. कधीकधी सोळा कोअरवर तेच काम बारा कोअरपेक्षा थोडे हळू चालते, कारण मेशचे तुकडे जितके जास्त तितका तुकड्यांच्या सीमांवरील देवाणघेवाणीचा खर्च वाढतो. आठ कोअरचा वेगवान प्रोसेसर आणि त्याच्यासोबत चांगली रॅम ही जोडी, सोळा कोअर आणि स्वस्तातली मंद रॅम या जोडीला या कामात सहज मागे टाकू शकते.

कोअर सगळे सारखे असावेत, हेही महत्त्वाचे. इंटेलच्या २०२१ पासूनच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे कोअर असतात. कोअर आय९-१४९००के मध्ये आठ मोठे आणि सोळा लहान आहेत. समांतर सॉल्व्हर मात्र मेशचे समान आकाराचे तुकडे करून प्रत्येक कोअरला एकेक देतो आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी सगळ्यांची वाट पाहतो. लहान कोअरला मिळालेला तुकडा उशिरा संपला की मोठे कोअर रिकामे बसतात. ताफ्याची चाल सर्वांत मंद बैलाने ठरते. अशा प्रोसेसरवर सॉल्व्हरच्या प्रक्रिया, म्हणजे मेशच्या एकेका तुकड्याचे काम करणाऱ्या त्याच्या प्रती, फक्त मोठ्या आठ कोअरना बांधून दिल्या तर काम पुष्कळदा सुरळीत होते, आणि मग चोवीस हा आकडा केवळ खोक्यावर उरतो. मेश बनवणे, चित्रे काढणे यांसारख्या इतर कामांना लहान कोअर उपयोगी पडतात, हे न्यायाने सांगायला हवे.

एका कोअरवर दोन धागे चालवण्याच्या सोयीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. एक धागा माहितीची वाट पाहत असताना दुसऱ्याने काम करावे ही तिच्यामागची कल्पना, आणि इथे दोघेही त्याच अरुंद वाटेवर वाट पाहत असतात. प्रक्रियांची संख्या प्रत्यक्ष कोअरच्या संख्येइतकीच ठेवावी आणि प्रत्येक प्रक्रिया एकेका कोअरला बांधून टाकावी, म्हणजे झाले.

कॅश मेमरी, जिथे गणित बदलते

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात एक गृहीतक होते: दर फेरीला मॅट्रिक्स रॅममधूनच यावे लागते. प्रोसेसरच्या आत असलेली कॅश मेमरी मोठी असेल आणि मॅट्रिक्स लहान असेल तर हे गृहीतक कोसळते. रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर २०२२ मध्ये आला तेव्हा आठ कोअरच्या चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून ती ९६ एमबीपर्यंत नेली होती. त्याची प्रसिद्धी झाली ती खेळांमुळे, पण वरच्या हिशेबाने पाहा. २ लाख सेलच्या मेशचे मॅट्रिक्स, १०० बाइटांच्या दराने, २० एमबी भरते. ते पूर्णपणे कॅशमध्ये बसते, आणि मग दाबाच्या समीकरणाच्या शेकडो फेऱ्या रॅमकडे फारसे न जाता पार पडतात. द्विमितीय पंखछेदावर डझनावारी कोनांतून चाचण्या घेणाऱ्याला, किंवा लहान मेशवर हजारो कालटप्पे चालवणाऱ्याला, हा फायदा फार मोठा आहे. त्याच यंत्रावर ३० लाख सेल घेतले की ३०० एमबी समोर येतात, ९६ एमबीत त्यातला तिसरा हिस्साही नीट राहत नाही, आणि फायदा बराच आटतो. तरी तो शून्य होत नाही, कारण मल्टिग्रिडसारख्या पद्धतींत मूळ मेशची विरळ होत जाणारी रूपे वापरली जातात आणि ती लहान रूपे कॅशमध्ये मावतात.

सोळा कोअरच्या ७९५०एक्स३डी आणि ९९५०एक्स३डी या प्रोसेसरांत हा वाढीव थर कोअर असलेल्या चिपच्या दोन तुकड्यांपैकी एकाच तुकड्यावर असतो, हे लक्षात असू द्यावे. एकूण १२८ एमबी हा आकडा ९६ आणि ३२ ची बेरीज आहे. सर्व्हरच्या बाजूला हीच कल्पना टोकाला नेलेली दिसते. एपिक ९६८४एक्स मध्ये १,१५२ एमबी कॅश आहे, आणि त्यात आपले ३० लाख सेलचे मॅट्रिक्स सगळेच्या सगळे बसते. अशा यंत्रावर कोअर दुप्पट केल्यावर वेग दुपटीहून जास्त वाढल्याचे दिसले तर मोजणीत चूक झाली असे समजू नये. प्रत्येक कोअरच्या वाट्याचा मेशचा तुकडा लहान होऊन कॅशमध्ये मावू लागल्याची ती खूण असते.

एएमडीच्या या रचनेला एक गाठ आहे, जी तपशीलपत्रकात ठळक दिसत नाही. तिच्या प्रोसेसरांत कोअर चिपच्या स्वतंत्र तुकड्यांवर असतात आणि प्रत्येक तुकडा मेमरी सांभाळणाऱ्या मधल्या चिपशी एका ठराविक रुंदीच्या दुव्याने जोडलेला असतो. रायझनमध्ये हा दुवा वाचनासाठी दर चक्राला ३२ बाइट नेतो. तो २ गिगाहर्ट्झवर चालला तर सेकंदाला ६४ जीबी. म्हणजे एकाच तुकड्याच्या आठ कोअर प्रोसेसरला ९६ जीबी देणारी रॅम लावली, तरी त्यातले ६४ जीबीच वाचता येतात. दोन तुकड्यांच्या बारा किंवा सोळा कोअर प्रोसेसरला हा अडथळा नाही. कोअर जास्त नकोत, पण दुसरा तुकडा हवा, म्हणून बारा कोअरचा प्रोसेसर घेऊन त्यावर आठच प्रक्रिया चालवणे हे ऐकायला विचित्र वाटले तरी मला शहाणपणाचे वाटते. हाच नियम वरच्या वर्गातही लागू पडतो. थ्रेडरिपर प्रो ७००० मालिकेतील बारा आणि सोळा कोअरच्या मॉडेलांत दोनच तुकडे आहेत, त्यामुळे आठ चॅनलचे ३३२.८ जीबी ते ओढूच शकत नाहीत. आठ चॅनलचा मदरबोर्ड आणि आठ स्टिक यांवर खर्च करून सर्वांत लहान प्रोसेसर बसवला, तर नळ मोठा आणि तोटी लहान अशी गत होते.

ज्यांचे सॉफ्टवेअर व्यावसायिक आहे त्यांच्यापुढे आणखी एक विचार असतो. अनेक परवाने कोअरच्या संख्येवर मोजले जातात आणि पुष्कळदा परवान्याचा खर्च यंत्राच्या खर्चाला लाजवतो. तिथे कमी कोअर, पण प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर बँडविड्थ आणि कॅश, अशी रचना शोधावी. एपिक ९१७४एफ हे तिचे नमुनेदार उदाहरण: कोअर फक्त १६, पण ते आठ तुकड्यांवर दोन-दोन असे पसरलेले, कॅश २५६ एमबी आणि चॅनल बारा. ओपनफोमसारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला हे बंधन नाही, त्याने कोअर कितीही लावावेत. फक्त त्यांना खाऊ घालण्याची सोय असावी.

घड्याळाचा वेग (गिगाहर्ट्झ) आणि एका वेळी अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या एव्हीएक्स-५१२ सारख्या रुंद सूचना यांना सॉल्व्हरच्या दृष्टीने मी खालच्या पायरीवर ठेवतो. जिथे कोअर वाटच पाहतो आहे तिथे त्याने वेगाने वाट पाहून काही साधत नाही. पण सीएफडीचे सगळे काम सॉल्व्हरमध्ये होत नाही, हे विसरले जाते. भूमिती साफ करणे, मेश बनवण्याचे काही टप्पे, तुकडे पाडणे, नंतर चित्रे आणि आलेख काढणे, यांतील बरीच कामे एकाच कोअरवर चालतात आणि त्या वेळी माणूस पडद्यासमोर ताटकळत बसलेला असतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले होते की कामाचा दहावा हिस्सा जरी क्रमाने करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी एकूण वेग दहापटीपलीकडे जात नाही. दिवसभर भूमितीशी झटापट आणि रात्री एक मध्यम सिम्युलेशन, असे ज्याचे काम असेल त्याला मंद कोअरचा सर्व्हर प्रोसेसर त्रास देईल. वेगवान डेस्कटॉप प्रोसेसरच त्याच्या हिताचा आहे.

रॅम किती लागेल याचा ढोबळ अंदाज असा की दर १० लाख सेलमागे १ ते २ जीबी धरावेत. रासायनिक अभिक्रिया, अनेक प्रावस्था किंवा समीकरणे एकत्र सोडवणारा सॉल्व्हर असेल तर अधिक. चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम आठवडाभर चालणाऱ्या कामांना उपयोगी आहे, तासाभराच्या कामांना तिच्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

ग्राफिक कार्डांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण मेमरीच्या शर्यतीत ती खूप पुढे आहेत. आरटीएक्स ४०९० ची बँडविड्थ सेकंदाला सुमारे १,००० जीबी आहे, दोन चॅनलच्या डेस्कटॉपच्या दहापट. पण तिच्यावर मेमरी २४ जीबीच आहे, दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकाच आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्याला हवे ते भौतिक मॉडेल ग्राफिक कार्डावर चालणाऱ्या सॉल्व्हरमध्ये उपलब्ध असावे लागते. लॅटिस बोल्ट्झमनसारख्या पद्धतींना ही कार्डे मानवतात. आपला सॉल्व्हर त्यांवर चालतो की नाही हे आधी पाहावे, आणि चालत असेल तर प्रोसेसरवरचा खर्च कमी करून तिकडे वळवावा.

उष्णतेबद्दलही थोडे. खेळात प्रोसेसरवर भार चढउतार होतो. सिम्युलेशनमध्ये तो दोन दोन दिवस एकसारखा राहतो. वर उल्लेखलेला आय९-१४९००के कमाल भारावर २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. सुदैवाने मेमरीवर अडलेल्या कामात विजेची मर्यादा बरीच खाली आणली तरी वेग फारसा घटत नाही, म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ती उतरवून ठेवणे हा फुकटचा फायदा आहे. यंत्र थंड राहते आणि शेजारी बसून बोलताही येते.

शेवटी खरेदीच्या आधी करण्याजोगी एक चाचणी. हाताशी असलेल्या कोणत्याही यंत्रावर आपलीच नेहमीची केस घ्यावी, तिची मेश मूळ आकाराचीच ठेवावी, आणि १, २, ४, ६, ८ अशा कोअरवर प्रत्येकी पन्नास फेऱ्या चालवून एका फेरीला लागणारा सरासरी वेळ लिहून ठेवावा. पहिल्या काही फेऱ्या हिशेबात धरू नयेत, कारण त्यांत फाइली वाचण्याचा वेळ मिसळलेला असतो. मग रॅमचा वेग बायॉसमधून एक पायरी खाली आणून सर्वांत जास्त कोअरची चाचणी पुन्हा करावी. वेळ रॅमच्या प्रमाणात वाढला तर आपले काम मेमरीवर अडलेले आहे आणि पैसा चॅनलांवर खर्च करावा. वेळ जवळजवळ तितकाच राहिला तर केस कॅशमध्ये मावते आहे किंवा तिच्यात रासायनिक अभिक्रियांसारखी खरोखरची आकडेमोड जास्त आहे, आणि अशा वेळी जास्त कोअर, जास्त वेग यांच्यावर खर्च करणे योग्य ठरते.